आईच्या थायरॉईडची मोठी गाठ : दुर्बिणीने, तोंडातून, सुईने की सरळ गळ्यावरून? (सल्ला हवा आहे)

मधुमालती

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय. आई ५६ वर्षांची, आम्ही कराडचे. गळ्यावर उजव्या बाजूला गाठ आहे हे तिला केव्हापासून माहीत होतं, पण "दुखत नाही ना, मग असू दे की" एवढ्यावर विषय संपायचा. आता उताणं झोपलं की गळा दाबल्यासारखा होतो म्हणते आणि भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो. मग काय, सोनोग्राफी, रक्त, सुई टोचून तपासणी, सगळं झालं. रिपोर्ट असा: उजवा लोब (थायरॉईडचा उजवा भाग) ६.८ × ३.४ × ३.६ सेमी, त्यात एक गाठ ४.६ × ३.१ × ३.० सेमी, टायरॅड्स ३ (सोनोग्राफीवरून कॅन्सरच्या शंकेची श्रेणी). डावा लोब जवळजवळ नॉर्मल, त्यात ५-६ मिमीच्या दोन बारीक गाठी. टीएसएच (रक्तातली थायरॉईडची तपासणी) १.९. एफएनएसी (ती सुईची तपासणी) बेथेस्डा २, म्हणजे साधी गाठ म्हणाले.

आता तीन डॉक्टर नि तीन तऱ्हा. एक म्हणाले गळ्यावर छेद घेऊन उजवा भाग काढून टाकू. दुसरे पुण्याचे, ते म्हणाले ओठाच्या आतून दुर्बिणीने करू, गळ्यावर एक ओरखडा दिसणार नाही. तिसरे म्हणतात ऑपरेशनच कशाला, आरएफए करा, सुईने गाठ जाळायची, पूर्ण भूल नको, टाके नकोत. भाऊ आणि मी, आमचं मत आपलं मिनिमली इन्व्हेजिव्हकडे झुकतंय, म्हणजे त्रास कमी. आईला व्रणाचं सोयरसुतक नाही, तिला आवाजाची धास्ती आहे. भजनी मंडळात गाते ती, गौळण उचलायची तर तिनेच. "आवाज गेला तर मला गाठ परवडली" हे तिचं म्हणणं. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

गवतीचहा

मधुमालती, मी गेलेय यातून, गळ्यावरूनच. माझी गाठ डावीकडे होती, फक्त डावा लोब काढला. खरं सांगू, ऑपरेशनच्या आधी मी नेटवर व्रणांचे फोटो बघून बघून अर्धी झाले होते आणि प्रत्यक्षात गळ्याच्या घडीतच छेद घेतला त्यांनी, मी बसलेली असताना पेनाने खूण केली होती, आडवं झोपल्यावर घडी सापडत नाही म्हणे. सुरुवातीला लाल जाड दोरीसारखं दिसतं, मान वर करताना ओढ बसते, गिळताना तो व्रण बरोबर वर खाली व्हायचा ते बघून माझा मुलगा हसायचा. सिलिकॉन जेल लावलं, उन्हात जाताना स्कार्फ. वर्षभरात इतका फिकट झाला की आता मीच दाखवल्याशिवाय कुणाला कळत नाही. आवाज थोडे दिवस बसका होता, लांबून हाक मारता यायची नाही, मग आला. आईला सांग घाबरू नको.

बारा_गावचं_पाणी

ताई, ऑपरेशनच्या भानगडीत पडायच्या आधी कांचनार गुग्गुळ (आयुर्वेदिक औषध) द्या सहा महिने. आमच्याकडे एकांना चांगला गुण आला. आणि आयोडीनच्या कमतरतेने गलगंड होतो, तेव्हा आयोडीनचे थेंब मिळतात तेही बघा. कापाकापी काय, शेवटी आहेच.

टाकादोरा

मी कान-नाक-घशाचा सर्जन, सरकारी मेडिकल कॉलेजात. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, पण रिपोर्टमधले आकडे काय सांगतात तेवढं लिहितो, जरा लांबेल.

आधी वरच्या प्रतिसादाबद्दल. बारागावचं पाणी साहेब, आयोडीनचे थेंब कृपा करून कुणी सुचवू नका. जुन्या गाठी असलेल्या माणसाला अचानक जास्त आयोडीन दिलं तर त्यातल्या काही गाठी भराभर हार्मोन बनवायला लागतात, छाती धडधडते, वजन उतरतं, वयस्कर माणसाचं हृदय बिघडू शकतं. या वयातली साडेचार सेमीची गाठ मिठाने, थेंबांनी विरघळत नाही. पूर्वी थायरॉक्सिनच्या (थायरॉईड हार्मोनच्या) गोळ्या देऊन गाठ लहान करायचा प्रयत्न व्हायचा, तोही आता मागे पडलाय. गुग्गुळाबद्दल आपला अनुभव असेल, पण घास अडकायला लागल्यावर सहा महिने वाट बघा असं मी माझ्या आईला सांगणार नाही.

आता मापं. लोबची लांबी × रुंदी × जाडी × ०.५२ केलं की मिलीलीटरमध्ये आकारमान येतं. आईंचा उजवा लोब झाला साधारण ४३ मिली. बाईच्या *दोन्ही बाजू मिळून* अख्ख्या ग्रंथीचं आकारमान १८ मिलीपर्यंत नॉर्मल धरतात, त्यावरून अंदाज घ्या. नुसती गाठ त्याच हिशोबाने २२ मिली. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण कुठला रस्ता घ्यायचा ते यांच्यावर ठरतं, व्रण कुठे येतो त्यावर नाही.

रस्ता पहिला, मिव्हॅट, म्हणजे छोट्या छेदातून दुर्बिणीच्या मदतीने. इटलीत पिसाच्या पाओलो मिक्कोलींनी १९९० च्या दशकाच्या शेवटी रुळवला. छेद गळ्यावरच पण दीड ते दोन सेमी, त्यातून ५ मिमीची दुर्बीण, गॅस भरत नाहीत, बारीक हूक धरून जागा करायची आणि रक्तवाहिन्या अल्ट्रासाउंडवर चालणाऱ्या कात्रीने बंद करायच्या. खरोखर कमी चिरफाड म्हणावी तर ही. पण दीड सेमीच्या भोकातून बाहेर येणार काय? गाठ तीन, फार तर साडेतीन सेमी आणि अख्खी ग्रंथी २५-३० मिलीच्या आत असेल तरच. आईंसाठी बाद.

रस्ता दुसरा, तोंडातून. याला टोएटवा म्हणतात. बँकॉकच्या डॉ. अँगकून अनुवाँग यांनी २०१६ मध्ये पहिल्या ६० पेशंटचा अनुभव प्रसिद्ध केला आणि तिथून जगभर पसरली, आपल्याकडेही मोठ्या शहरांत होते. खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत तीन छिद्रं, मधलं १० मिमीचं, बाजूची ५-५ मिमीची. हनुवटीवरून कातडीखालून बोगदा करत गळ्यात उतरायचं, कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या ६ मिमी दाबाने भरायचा, मग काम. काढलेला लोब पिशवीत घालून त्या मधल्या छिद्रातून बाहेर. बँकॉकवाल्यांच्या निकषांत ग्रंथी ४५ मिलीपर्यंत, साधी गाठ ५ सेमीपर्यंत बसते. म्हणजे आई अगदी काठावर. करता येतं, पण मोठी गाठ बाहेर काढताना पिशवीत तुकडे होण्याची शक्यता वाढते आणि तुकडे झाले की पॅथॉलॉजिस्टला गाठीचं आवरण सलग बघता येत नाही. काही प्रकारचे कॅन्सर नेमके आवरण फोडलंय का यावरूनच ओळखतात. बेथेस्डा २ मध्ये कॅन्सरची शक्यता अगदी कमी, पण शून्य नसते, आणि मोठ्या गाठीत सुई एका कोपऱ्यातून पेशी घेते हेही आहे.

आणि व्रण दिसत नाही म्हणजे आत कमी कापलं असं समजू नका. ओठातून काय नि काखेतून काय, थायरॉईडपर्यंत पोचायला उलट जास्त कातडी सोडवावी लागते. गळ्यावरून ग्रंथी दोन बोटांवर आहे हो. मिनिमली इन्व्हेजिव्ह हे लेबल या सगळ्यांना सरसकट लावतात त्याची मला चीड आहे, असो.

आरएफएवर कुणी अनुभवी लिहील तर बरं, मी ते करत नाही. आवाजाबद्दल उद्या लिहितो, ओपीडी आहे सकाळी.

अंगतपंगत

टाकादोरा डॉक, ज ब र द स्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

रत्नांग्री

आरएफए मी केलंय. गाठ सव्वातीन सेमीची, दोनदा एफएनएसी करायला लावली आधी, दोन्हीत साधी आली तेव्हाच हो म्हणाले. एकाच एफएनएसीवर कोण करत असेल तर जरा विचारा त्यांना.

करताना जागाच असतो आपण. गळ्यात लोकल इंजेक्शनं देतात, ती चावतात. मग सोनोग्राफीचा प्रोब गळ्यावर आणि गळ्याच्या मध्यावरून सुई आडवी आत. सुई एका जागी ठेवत नाहीत, टोक सारखं हलवत गाठीचा एकेक तुकडा जाळत येतात, डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवलंन, टोकाशी पांढरे पांढरे बुडबुडे उठत होते. मधेच 'पट्' असा आवाज आला नि मी जाग्यावर उडालो, म्हणाले काय नाय हो, आतली वाफ फुटली. दुखतं कुठे, तर गळ्यात नाही, जबड्यात आणि कानात. दर थोड्या वेळाने "नाव सांगा, गाव सांगा" करत होते, आवाजाची नस गरम होत नाही ना ते बघायला. नस आणि गाठीच्या मधे ग्लुकोजचं पाणी सोडून अंतर करतात तेही सांगितलंनी. त्याच दिवशी संध्याकाळी घरी, दुसऱ्या दिवशी मासे जेवलो.

पण एक समजून घ्या, गाठ *जात नाही*, आटते. माझी वर्षभरात निम्म्याच्या खाली आली. सोनोग्राफी एक, सहा, बारा महिन्यांनी करायची. आणि पुढे दुसरीकडे कुठे सोनोग्राफी केलीत तर आरएफए झालंय हे आधी सांगा, नायतर जळलेली गाठ मशीनवर काळीकुट्ट संशयास्पद दिसते आणि समोरचा घाबरून परत सुई टोचायला सांगतो. माझ्या बाबतीत झालं तसं.

मधुमालती

सगळ्यांचे खूप आभार. रत्नांग्री दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती 'पट्'वर जी हसली! पण मग म्हणाली जागेपणी मला नको बाई. आमची एफएनएसी एकदाच झालीये. टाकादोरा सर, २२ मिलीची गाठ आरएफएला चालते का?

टाकादोरा

माझ्या रेडिओलॉजिस्ट मित्राला विचारून लिहितो. २० मिलीच्या वरच्या गाठीला बऱ्याचदा एका बैठकीत भागत नाही, दुसरी करावी लागते. गाठ निम्मी झाली तरी ११ मिली उरते, आणि आईंच्या बाबतीत गाठीभोवतीचा लोबही सुजलेला आहे, तो तसाच राहणार. दाबाचा त्रास बराच कमी होऊ शकतो हे खरं, आणि ज्यांना पूर्ण भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी हा फार चांगला पर्याय आहे. कोरियातल्या रेडिओलॉजिस्टनी यावर सगळ्यात जास्त काम केलंय. पण अख्खी गाठ तपासायला कधीच मिळत नाही, हे लक्षात ठेवून निवडायचं.

आता आवाज. थायरॉईडच्या मागून दोन्ही बाजूंना एकेक नस वर स्वरयंत्रात जाते, ती दुखावली तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. तात्पुरतं असं काही पेशंटमध्ये होतं आणि भरून येतं, कायमचं अनुभवी हातात शेकडा एक-दोनच्या आसपास. ही झाली सगळ्यांना माहीत असलेली नस. दुसरी एक बारीक फांदी ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून जाते, तिच्यामुळे स्वरतंतू ताणले जातात. ती गेली तर बोलताना काही कळत नाही, पण वरचे स्वर लागत नाहीत, आवाज लवकर थकतो. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्याला फरक पडणार नाही, गौळण उचलणारीला पडेल. म्हणून सर्जनला पहिल्याच भेटीत सांगायचं, "ही गाते". वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्या एकगठ्ठा न बांधता एकेक करून ग्रंथीला चिकटून बांधायच्या, एवढं त्याने केलं की बरंच साधतं. आणि ऑपरेशनच्या आधी दुर्बिणीने स्वरतंतू बघून रेकॉर्ड ठेवायचं, काही वेळा एक तंतू आधीच मंद असतो आणि खापर ऑपरेशनवर फुटतं.

रस्ता कुठलाही घ्या, या नसा त्याच आहेत. म्हणून माझा सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा सल्ला असतो: डॉक्टर, *तुम्ही स्वतः* वर्षाला किती थायरॉईड करता? अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत वर्षाला २५ पेक्षा जास्त करणाऱ्यांकडे गुंतागुंत कमी दिसली. आणि तोंडातून करायचं म्हणत असतील तर त्यातल्या तोंडातून किती, ते वेगळं विचारा. ओपनमध्ये (सरळ गळ्यावरून) हात बसलेला सर्जन टोएटवामध्ये नवशिका असू शकतो.

तिखटमीठ

तोंडातून केलेल्यांपैकी इथे कुणी दिसत नाही म्हणून लिहिते, माझ्या धाकट्या बहिणीचं मुंबईत झालं. तिची गाठ अडीच सेमी, वय २६, आणि तिला किलॉइडचा (व्रण जाड होऊन वाढण्याचा) त्रास, कान टोचले तिथेसुद्धा गोळे आलेत, त्यामुळे गळ्यावर छेद म्हणजे तिच्यासाठी खरंच प्रश्न होता. नुसतं लग्न ठरायचंय म्हणून नाही (ते आमच्या मावशीचं कारण होतं, असो).

छान झालं. पण सुरुवातीला हनुवटी आणि खालचा ओठ बधिर, चहा पिताना ओघळ यायचा आणि तिला कळायचंच नाही. हनुवटीला पट्टा बांधला होता, गळ्यावर निळं पिवळं झालं होतं. पातळ खाणं, दर जेवणानंतर माउथवॉश. हनुवटीचा बधिरपणा हळूहळू गेला, मधला थोडा भाग अजून "वेगळा" लागतो म्हणते. ती खूश आहे. पण मधुमालती, तुझ्या आईला व्रणाचं काहीच नाही म्हणतेस ना, मग हे सगळं कशासाठी करायचं?

सोलापूर_ते_सोल

कोरियात नोकरीला आहे. बायकोचं इथे रोबोटने काखेतून झालं. २००७ च्या सुमारास इथल्याच योन्सेई विद्यापीठात काखेतून रोबोटने थायरॉईड काढायला सुरुवात झाली, आता इथे अगदी नेहमीचं आहे, तरुण मुली गळ्यावरचा व्रण चालवूनच घेत नाहीत. व्रण काखेत, हात खाली असला की दिसत नाही. पण डॉक वर म्हणतात ते शंभर टक्के. काखेपासून छातीच्या स्नायूवरून गळ्यापर्यंत कातडी सोडवतात. गळा लवकर बरा झाला, छातीचा वरचा भाग मात्र कितीतरी महिने बधिर, सीटबेल्ट लागला तरी तिला कसंतरी व्हायचं, आणि हात वर करून दोरीवर कपडे वाळत टाकणं बरेच दिवस बंद. वर इथला राष्ट्रीय विमा रोबोटचे पैसे देत नाही, साध्या ऑपरेशनचे देतो. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच.

पॉलिसीपुराण

विम्याचा विषय निघालाच आहे तर. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये ज्या बारा आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही म्हणून सांगितलं त्यात रोबोटिक सर्जरी आहे, आणि गंमत म्हणजे नसांवर लक्ष ठेवणारं मॉनिटरिंग (आयओएनएम) पण आहे. पण कंपन्या त्याला सबलिमिट लावतात, तेव्हा पॉलिसीच्या कागदात "मॉडर्न ट्रीटमेंट" हा परिच्छेद शोधून वाचा. आरएफएसाठी टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) आधी लेखी विचारा, "चोवीस तास ॲडमिट नाही" म्हणून क्लेम परत आलेला मी बघितलाय, डे-केअरच्या यादीत आहे की नाही त्यावर अडतं.

विमा नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना विसरू नका. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे आधी जा, डॉक्टरकडे नंतर. कुठली थायरॉईड सर्जरी बसते ते तो पॅकेज नंबरसकट सांगतो.

माळरान

अवांतर प्रश्न आहे, चालेल का बघा. बाबा ७३, गाठ खाली छातीत उतरलीये म्हणाले. दोन्ही हात वर करून कानाला लावायला सांगितले डॉक्टरांनी, मिनिटाभरात चेहरा लालभडक झाला, गळ्याच्या शिरा टम्म. छातीचं हाड कापावं लागेल का या भीतीने बाबा तयारच नाहीत. एम्बोलायझेशन म्हणून काहीतरी आहे, मांडीतल्या नळीतून करतात, ते करता येईल का?

टाकादोरा

अवांतर कसलं, हाच विषय आहे. हात वर केल्यावर चेहरा लाल होणं म्हणजे छातीच्या तोंडाशी गाठ शिरांना दाबतेय, याला पेंबर्टनची खूण म्हणतात. सीटी स्कॅन करून घ्या, श्वासनलिका किती चेपलीये आणि गाठ कुठवर गेलीये ते त्यात कळतं. आणि बाबांना सांगा, छातीत उतरलेल्या बहुतेक गाठी गळ्यातूनच वर ओढून काढता येतात, कारण त्या वाढल्या गळ्यात आणि उतरल्या खाली, त्यांचा रक्तपुरवठा गळ्यातूनच येतो. हाड कापावं लागतं ते थोड्यांना. फक्त ज्या ठिकाणी छातीचा सर्जन हाताशी आहे तिथेच करा. दुर्बीण, तोंड, काख वगैरे इथे डोक्यातून काढून टाका.

एम्बोलायझेशनमध्ये इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी थायरॉईडच्या रक्तवाहिन्यांत नेऊन सूक्ष्म मणी सोडतात, रक्त तुटतं, ग्रंथी महिन्यांत आकसते. ज्यांना भूल देणं खरंच धोक्याचं आहे त्यांच्यासाठी विचार करतात. नंतर गळा दुखणं, ताप, काही आठवडे हार्मोन वाढणं हे होतं. अनुभव अजून तोकडा आहे. आणि श्वास दबलेल्या माणसात आधी थोडी सूज येऊ शकते, ती झेपेल का हे बघावं लागतं. हृदय-फुप्फुसाची तपासणी करून भूलतज्ज्ञाला भेटा, बऱ्याचदा "वय झालं" म्हणून घरचेच नाही म्हणतात, भूलतज्ज्ञ हो म्हणतो.

आजोळ

माझ्या पणजीच्या गळ्याला केवढी गाठ होती, फोटोत पदराने झाकलेली दिसते. आजी सांगायची, त्यांच्याकडे अशा पुष्कळ बायका होत्या. आता दिसत नाही कुणी एवढं.

टाकादोरा

त्याचं बरंचसं श्रेय मिठाला. १९५० च्या दशकात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. पुड्यावर हसरा सूर्य असतो ना, ती आयोडीनयुक्त मिठाची खूण. सध्या सगळीकडे सैंधव आणि गुलाबी मिठाचं खूळ आहे, त्यात आयोडीन घातलेलं असतंच असं नाही, गरोदर बायका असलेल्या घरात तरी पुडा वाचून घ्या.

आणि ज्यांना ओपन म्हणजे मागासलेलं वाटतं त्यांच्यासाठी: गळ्याच्या घडीतला छेद ज्यांच्या नावाने ओळखतात ते स्वित्झर्लंडचे थिओडोर कोकर, थायरॉईडवरच्या कामासाठी त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं. पूर्ण ग्रंथी काढल्यावर पेशंट मंद, सुजलेले होतात हे त्यांनीच १८८३ मध्ये जाहीर मांडलं आणि साध्या गाठीसाठी पूर्ण काढणं स्वतः थांबवलं, तेव्हा थायरॉईडची गोळी नव्हती ना. आज त्या छेदाची लांबी निम्म्यावर आलीये, चार-पाच सेमीत आईंचा लोब आरामात निघेल.

मधुमालती

अपडेट देतेय. आम्ही ओपनच ठरवलं, फक्त उजवा लोब. पुण्यातल्या ज्या सर्जननी तोंडातून सुचवलं होतं त्यांना डॉकचा प्रश्न विचारला, तर ते न चिडता म्हणाले की तोंडातून अजून थोड्याच केल्यात, आणि या आकाराची एकही नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं खरं तर. दुसऱ्या एका हॉस्पिटलात, जिथे थायरॉईडच जास्त होतात, तिथे केलं. नसेचं मॉनिटर लावलं होतं. आदल्या दिवशी आईने सर्जनना ओपीडीत अभंगाची एक ओळ म्हणून दाखवली, "एवढं परत द्या मला" म्हणाली, सगळी ओपीडी ऐकत होती. रात्रभर नर्स सारखी गळा फुगलाय का, पट्टी ओली आहे का बघत होती, म्हणे आत रक्त साचलं तर बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत कळतं, म्हणून त्याच दिवशी घरी सोडत नाहीत.

बायोप्सी साधी आली. बोलताना आवाज ठीक आहे, गाताना वरचा सा लागतो पण टिकत नाही, थकतो म्हणते. दुसरं म्हणजे शेजारच्या काकू म्हणतात आता आयुष्यभर गोळी आणि कॅल्शियम. खरं का?

गवतीचहा

अरे वा! अभिनंदन काकूंचं. मला गोळी लागली नाही अजून.

टाकादोरा

छान झालं. कॅल्शियमचा प्रश्न दोन्ही बाजू काढल्यावर येतो, कारण कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी थायरॉईडला चिकटून असतात. एकच बाजू काढली की दुसरीकडच्या दोन पुरतात. तरी ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर कळवायला सांगा. गोळीचं म्हणाल तर एक लोब काढलेल्यांपैकी चारातल्या तिघांना बहुधा लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, लागलीच गोळी तर उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. डावीकडच्या बारीक गाठींसाठी वर्षाने सोनोग्राफी पुरे.

आवाज थकणं या टप्प्यावर चालायचंच, भूल देताना घातलेल्या नळीनेही तंतू सुजतात. खालच्या पट्टीत गाऊ द्या, कुजबुजत बोलायला देऊ नका, त्याने ताण वाढतो. महिना-दीड महिन्यात सुधारणा वाटली नाही तर स्वरतंतू परत दुर्बिणीने बघून स्पीच थेरपिस्टकडे पाठवायला सांगा.

माळरान

बाबांचा सीटी झाला. गाठ महाधमनीच्या कमानीच्या वरच थांबलीये, गळ्यातून निघेल म्हणाले, छातीचे सर्जन शेजारच्याच थिएटरमध्ये असतील त्या दिवशी. भूलतज्ज्ञांनी हृदयाचा इको करायला सांगितलाय. बाबा अजून हो म्हणाले नाहीत पण नाहीही म्हणालेले नाहीत.

बारा_गावचं_पाणी

माळरान, बाबांना या मधुमालती ताईंच्या आईशी फोनवर बोलायला लावा. आमचं गुग्गुळ राहू दे आता. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा, यांना नंबर देता येईल का ते कळवा.

मधुमालती

माळरान, व्यनि केलाय. दुपारी चारनंतर करा, त्याआधी ती झोपलेली असते.